तोंडात खिळे धरून

आमेनकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. बायको ‘अहो’ म्हणते, गिऱ्हाईक ‘कुशनवाले’ म्हणतं, आणि चर्चमधली सगळी लहानथोर मंडळी आमेनकाका म्हणतात. नाव त्यांनी घाम गाळून कमावलेलं आहे. दुसऱ्या कुणाची प्रार्थना संपली की सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत यांचं ‘आमेन’ ऐकू येतं. आणि हे स्वतः प्रार्थनेला उभे राहिले की बाकीच्यांना आमेन म्हणायची संधी कधी मिळेल याचा नेम नसतो. जिच्या घरी प्रार्थनासभा असते ती बाई अनुभवी असेल, तर काकांनी डोळे मिटले की चहाखालचा गॅस बारीक करते.

थट्टा सोडा, पण त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असायची, हे त्यांच्यावर हसणारेही कबूल करतील. कुणाच्या घरी आजारपण असो, कुणाचं लग्न जमत नसो, काका उभे राहिले की त्या घरच्यांना वाटायचं, चला, आपलं म्हणणं एकदाचं वर पोचलं. आवाज कुठं चढवायचा आणि गहिवराच्या जागी कुठं अगदी खाली आणायचा, हे त्यांना बरोबर कळे. आवाज खाली आला की सगळी खोली पुढं झुकून ऐकायची. एकच खोड होती. ‘हे दयाळू पित्या, तू जाणतोसच की’ अशी सुरुवात करून, पिता जे जाणतोच ते सगळं ते त्याला बैजवार सांगत बसत.

“देवाला ठाऊक असतं तर सांगता कशाला?” काकू विचारायच्या. “आणि सांगताना लक्ष सगळं लोकांकडं.”

“अगं, डोळे मिटलेले असतात माझे.”

“हो, डोळेच तेवढे मिटलेले असतात,” काकू म्हणायच्या.

या सगळ्याचं मूळ फार मागं होतं. काकांचे वडील बोलताना अडखळायचे. मंडळीत प्रार्थनेची पाळी आली की बिचाऱ्यांना दरदरून घाम फुटायचा. एका रविवारी चर्चच्या पाळकांनी नेमकं त्यांनाच उभं केलं आणि पहिल्याच शब्दावर गाडी अडली. लोक माना खाली घालून ताटकळत राहिले. तेव्हा शेजारी बसलेला त्यांचा लहानगा उभा राहिला आणि त्यानं बापाची प्रार्थना एका दमात पुरी करून टाकली. बायकांनी डोळे पुसले. बाहेर पडताना जो तो पोराच्या डोक्यावरून हात फिरवत होता. तो हात पुढं काकांच्या डोक्यावरून कधी निघालाच नाही. वडील घरी पोचेपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते, पण ते नेहमीच कमी बोलायचे, त्यामुळे पोराला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

काकांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. खुर्च्या, सोफे, दवाखान्यातली बाकं, न्हाव्याच्या खुर्च्या, जे जे बसून बसून खचतं ते ते तिथं येऊन उलटं पडलेलं असतं. आत शिरलं की काथ्याचा आणि सरसाचा वास येतो. गादी फाडून पाहिली की बसणारा कसा बसतो, कुठल्या मांडीवर भार देतो, पुढं सरकून बसतो की मागं रेलतो, सगळं काकांना कळतं. “माणसाचं तोंड खोटं बोलेल, बूड बोलत नाही,” असं ते म्हणायचे, आणि काकू कपाळाला हात लावायच्या.

आणि या धंद्यातच एक गंमत होती. कापड ताणून ठोकताना दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून जुने कारागीर बारीक खिळे मूठभर तोंडातच धरतात. जिभेनं एकेक खिळा ओठांशी आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीनं उचलायचा, ठोकायचा. तेवढ्या वेळात बोललात तर खिळा पोटात. म्हणजे ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून सगळ्या मंडळीत ख्याती, तो दिवसातला बराच वेळ तोंडात खिळे धरून मुकाट बसलेला असायचा. “देवालाही तेवढाच वेळ मिळत असेल चार शब्द बोलायला,” काकू म्हणायच्या. यावर काकाही हसायचे, पण ओठ मिटून, जपून.

म्हणूनच मास्तरांनी ती वेळ निवडली.

मास्तर म्हणजे काकांचे शाळेपासूनचे दोस्त. आयुष्य छापखान्यात गेलं आणि दर रविवार चर्चच्या पायपेटीवर. पायानं भाता हलवायचा, हातानं सूर काढायचे, आणि मंडळीनं कितीही रेंगाळत गायलं तरी तिला ओढत ओढत शेवटच्या कडव्यापर्यंत आणून पोचवायचं, हे काम त्यांनी एका दिवसाचीही सुट्टी न घेता केलं. माणूस अबोल. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. काका बोलायचे आणि मास्तर ऐकायचे, अशी त्या दोस्तीची वाटणी होती आणि ती दोघांनाही मानवली होती.

एका दुपारी मास्तर दुकानात आले. काका एका सोफ्याच्या पाठीवर रेक्झिन ताणत होते, तोंड खिळ्यांनी भरलेलं. मास्तरांनी एक स्टूल ओढलं.

“खिळे आहेत ना तोंडात? बरंय. तेवढ्यात सांगून टाकतो,” ते म्हणाले. “उजवा कान गेला माझा. छापखान्यानं खाल्ला. डावाही काही खरा नाही. वरचे सूर मला ऐकूच येत नाहीत आता. हातांना आठवतंय, म्हणून वाजतंय.”

काकांची हातोडी थांबली. त्यांना खूप काही बोलायचं होतं.

“ऐक नुसतं. हात विसरायला लागले की मला कळेल. तेव्हा मी आपला आपण उठेन पेटीवरून. मला कुणी उठवलेलं चालायचं नाही. तोवर कुणाला कळता कामा नये. तू प्रार्थना कर माझ्यासाठी. पण घरी, दार लावून. एवढंच मागतो.”

काकांनी मान हलवली. दोन्ही डोळ्यांत पाणी, तोंडात खिळे, आणि मान वरखाली, एकदा नव्हे, दोनदा. मास्तर त्यांच्या खांद्यावर थोपटून निघून गेले.

आता काकांनी घरी प्रार्थना केली नाही असं नाही. केली. दार लावूनही केली. पण बंद खोलीत त्यांचे शब्द घरंगळून खाटेखाली जाऊन पडत. समोर कुणी नसलं की त्यांना काही सुचायचंच नाही. दोन वाक्यांत प्रार्थना संपायची आणि मित्रासाठी आपण काहीच केलं नाही अशी चुटपुट लागायची.

मग शुक्रवारची प्रार्थनासभा आली. निवृत्त नर्सबाईंच्या घरी होती. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. मास्तरही होते, भिंतीकडेला, उजवी बाजू काकांकडं करून. शेवटची प्रार्थना काकांनी करावी असं पाळकसाहेबांनी सुचवलं, म्हणजे ते नेहमी सुचवतच असत.

काका उभे राहिले. आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्यांसाठी मागितलं. गाडी उताराला लागली होती. “आणि हे दयाळू पित्या, तू जाणतोसच की...” आणि जीभ पुढं गेली. जिभेला काय, हाड थोडंच असतं! त्यांनी आवाज अगदी खाली आणला. आमच्या लाडक्या मास्तरांचा उजवा कान, म्हणाले. डावाही क्षीण होत चालला आहे, म्हणाले. वरचे सूर ज्याला ऐकू येत नाहीत असा तुझा हा दास केवळ हातांच्या आठवणीवर तुझी स्तुती वाजवतो आहे, म्हणाले. खोलीत श्वास ऐकू येईल एवढी शांतता पसरली. काकांना ती अंगावर जाणवली, ती त्यांच्या डोक्यात गेली, आणि त्यांनी आणखी दोन वाक्यं घातली.

सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. मास्तरांनीही म्हटलं, सगळ्यांच्या किंचित मागून. अलीकडं ते नेहमीच किंचित मागून म्हणायचे. लोकांचे ओठ हललेले पाहून.

त्या खोलीत ती प्रार्थना ऐकली नाही असा एकच माणूस होता.

काकांना डोळे उघडताक्षणी कळलं. सगळ्यांच्या नजरा भिंतीकडं गेल्या होत्या. नर्सबाई कपबशी घेऊन मास्तरांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि ओरडून म्हणाल्या, “मास्तर, साखर चालते ना?” मास्तरांनी दचकून वर पाहिलं.

गोष्ट षटकर्णी व्हायला वेळ लागत नाही, इथं तर सगळी खोली कानच झाली होती. रविवारी चर्चच्या दारात प्रत्येकजण मास्तरांशी ओठ मोठे करकरून बोलत होता. पाळकसाहेब सज्जन, म्हणून त्यांनी जास्तच घोळ घातला. उपासनेनंतर मास्तरांचा हात हातात घेऊन, सगळ्यांदेखत, मोठ्यांदा म्हणाले, “मास्तर, पुष्कळ सेवा केलीत. आता विश्रांती घ्या. माझी पुतणी वाजवते, ती सांभाळेल.”

मास्तर पेटीपाशीच उभे होते. त्यांनी बाकांच्या रांगांवरून नजर फिरवली, काकांवर आणली, एकदाच, आणि काढून घेतली. मग पेटीचं झाकण हलकेच लावलं, चष्मा डबीत ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर ते चर्चमध्ये आले नाहीत.

इथून काकांच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली, तिला काही तळ नव्हता. अन्न गोड लागेना. दुकानात कापड उलटं कापलं जाऊ लागलं. एका न्हाव्याची खुर्ची तर त्यांनी अशी भरली की गिऱ्हाईक घसरून पुढं यायचं. स्वतःची समजूत घालायला म्हणून ते काकूंना सांगायचे, “मी काय चहाडी केली का? प्रार्थना केली. प्रार्थना करणं पाप आहे?”

“मला कशाला विचारता?” काकू म्हणायच्या. “ज्याला विचारायचं त्याला विचारा ना.”

त्यालाच तर विचारता येत नव्हतं. काका गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, ‘हे दयाळू पित्या, तू जाणतोसच की’ इथपर्यंत यायचे, आणि तिथं जीभ अडायची. तिथून पुढं काय झालं ते आठवायचं. दुसऱ्या शब्दांनी सुरुवात करून पाहिली. तेही शब्द सभेतलेच निघाले. त्यांच्याकडं साधा, घरात घालायचा असा एकही शब्द नव्हता. शुक्रवारी त्यांना प्रार्थनेला सांगितलं तेव्हा त्यांनी घसा बसलाय म्हणून मान हलवली. पुढच्या शुक्रवारीही तेच. नर्सबाईंनी गुळण्या करायचं औषध दिलं.

त्यातून लोक भले. “बरं झालं तुम्ही सांगितलंत काका, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं,” असं एकानं पाठीवर थाप मारून म्हटलं. काकांना ती थाप अंगारासारखी लागली. कळलंच नसतं. तेवढंच तर मास्तरांनी मागितलं होतं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रस्ता. मास्तर रस्त्यात दिसायचे, पिशवी घेऊन, भिंतीकडेनं चालताना. काका पलीकडून हाक मारायचे, “मास्तर!” मास्तर वळायचे नाहीत. एकदा तर अगदी मागं जाऊन हाक मारली. तरी नाही. ऐकू आलं नाही, की ऐकायचं नाही? हा एकच प्रश्न काकांच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला. ऐकू आलं नसेल तर पुढं होऊन खांद्याला हात लावता आला असता. पण ऐकायचंच नसेल तर? काकांचा हात पुढं होईना. आयुष्यभर देवाशी शंभर माणसांदेखत बोललेला माणूस, एका माणसाच्या खांद्याला हात लावायला घाबरत होता.

अशातच चर्चचा शिपाई एक बाकडं घेऊन दुकानात आला. पायपेटीचं बाकडं. मागोमाग पाळकसाहेब.

“काका, पुतणी बुटकी आहे हो. तिला खोल जातं. गादी काढून नवा फोम घाला, चांगली उंच करा. रविवारपर्यंत होईल?”

काका होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते बाकडं दोन दिवस तसंच पडून राहिलं. काका त्याला वळसा घालून जायचे-यायचे. दुसरी कामं उरकली, नको ती कामं उरकली, खिळ्यांचे डबे पुसून ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू डबा द्यायला आल्या आणि म्हणाल्या, “ते बाकडं तुम्हाला चावणार नाही.” मग काकांनी ते पुढ्यात घेतलं.

वरचं कापड त्यांनीच लावलेलं होतं, तरुणपणी. त्याखालचा काथ्याही त्यांचाच. कडेचे खिळे उपटून त्यांनी कापड उचललं आणि त्यांचे हात थांबले. काथ्या दोन्हीकडं सारखा दबायला हवा होता. इतकी वर्षं सरळ बसणारा माणूस. पण उजवी बाजू पार खचली होती. काथ्याखालच्या पट्ट्या तिकडच्याच सैल झाल्या होत्या, एक तर उसवली होती. काकांनी तळवा त्या खळग्यात ठेवला. कसा बसत होता हा? उजवीकडं झुकून, मान वळवून. डावा कान पेटीच्या उजव्या टोकाला, वरच्या सुरांजवळ न्यायला. दर रविवारी, वाकडा होऊन, कुणाच्या लक्षात येऊ नये इतपतच वाकडा. आणि हे एका महिन्याचं काम नव्हतं. एवढा काथ्या दबायला वर्षं जातात.

आपण पहिल्या बाकावर बसत होतो, काकांना वाटलं. वर्षानुवर्षं त्याच्या पाठीमागं बसत होतो आणि आपली प्रार्थना मनातल्या मनात जुळवत होतो.

त्यांनी नवी पट्टी घेतली. सवयीनं मूठभर खिळे तोंडात टाकले. पट्टी ताणली, हातोडी उचलली, आणि तिथंच बसून राहिले.

रडू आलं तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंडात खिळे होते. म्हणून ते रडूही आतच राहिलं. शब्द नव्हते. ‘दयाळू पित्या’ नव्हतं, ‘तू जाणतोसच’ नव्हतं. जिभेवर लोखंडाची चव होती आणि डोळ्यांपुढं मास्तरांची ती नजर, बाकांवरून फिरत आलेली. ती नजर त्यांनी तशीच धरून ठेवली, जशी पट्टी धरली होती, ताणून, न सोडता. हेच घे, एवढंच त्यांच्या आत काहीतरी म्हणालं. माझ्याकडं दुसरं काही नाही. मग का कोण जाणे, वडील आठवले. चर्चहून घरी येतानाचे. मुलाचा हात हातात होता आणि तोंड दुसरीकडं होतं. बापाला त्या दिवशी कदाचित अडखळत का होईना, आपली प्रार्थना स्वतःच पुरी करायची होती. हे काकांना या वयात कळलं, खचलेल्या बाकड्यासमोर बसून.

खूप वेळ ते तसे बसले. त्यांना वाटलं होतं, अशी प्रार्थना झाली की शांती मिळते. लोक साक्ष देतात ना, ओझं उतरलं, हलकं वाटलं. इथं उलटंच झालं. आत कुणीतरी शांतपणे म्हणालं, ऊठ आणि जा.

आत्ता? काकांनी हुज्जत घातली. रविवारी भेटू. आधी चिठ्ठी पाठवू. काकूला मध्यस्थ घालू. पण ते जे आत होतं ते काही पुढं बोललं नाही, आणि गेलंही नाही. शांती मागायला बसलेल्या माणसाच्या पायांत देवानं चपला घातल्या. काकांनी खिळे काढून सदऱ्याच्या खिशात टाकले, बाकडं बगलेत मारलं आणि दुकान उघडं टाकून निघाले.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जिना अरुंद आणि घुमणारा. खाली कुणी खोकलं तर वर ऐकू यावं असा. प्रत्येक मजल्यावर दारं समोरासमोर. काका धापा टाकत वर पोचले, बाकडं खाली ठेवलं आणि दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. ऐकू आलं नाही, की...? त्यांनी मुठीनं वाजवलं. समोरचं दार उघडून एक बाई डोकावली, हात पिठाचे. मग मास्तरांचं दार उघडलं.

मास्तर दारातच उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत. त्यांची नजर काकांवरून बाकड्यावर गेली.

“मास्तर,” काका हळूच म्हणाले, “माझं चुकलं.”

मास्तरांनी डाव्या कानामागं तळवा धरला. “काय?”

“माझं चुकलं रे,” काका जरा मोठ्यानं म्हणाले. खालच्या मजल्यावर कडी वाजली.

“काय म्हणतोस?”

काकांना घाम फुटला. पिठाच्या हातांची बाई दारातून हलत नव्हती. खालून अर्धी दाढी केलेला एक माणूस मान वर करून बघत होता. काकांना वाटलं, आत शिरावं, दार लावावं, कागदावर लिहून द्यावं. पण मास्तर दार अडवून उभे होते, कानामागं हात धरून, डोळे थेट काकांच्या तोंडावर.

मग काकांनी तोंड उघडलं आणि ते अगदी वरच्या पट्टीत, जिन्यात घुमेल असं ओरडले, “तू मला विश्वासानं सांगितलं होतंस! कुणाला सांगू नको म्हणाला होतास! मी मान हलवली होती, आणि मी ते सगळ्यांसमोर ओकलो! देवाचं नाव पुढं केलं, पण मला माणसं हवी होती ऐकायला! तुला तुझा तू उठायचं होतं, मी तुला उठवला! माझं चुकलं, मास्तर! माझं चुकलं!”

जिना थरारला. ‘चुकलं’ खालपर्यंत जाऊन परत आलं. काका उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शेवटी काय जोडावं ते सुचेना.

मास्तरांनी कानामागचा हात काढला.

“पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं,” ते म्हणाले.

काकांनी विचारलं, “मग ‘काय काय’ कशाला करत होतास?”

“तुझी ती प्रार्थना सगळ्यांनी ऐकली, मी सोडून. म्हटलं, ही सगळ्यांनी ऐकावी.” मास्तर खाली वाकून त्या अर्धी दाढीवाल्याला म्हणाले, “झालं हो, करा दाढी.” मग बाजूला झाले. “ये आत, आमेन्या. ते बाकडं घेऊन ये.”

आत खोलीत एक खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. मास्तरांनी उघडं पडलेलं बाकडं मांडीवर घेतलं, त्या खळग्यावरून बोटं फिरवली.

“कळलं तर तुला,” ते म्हणाले.

“आज कळलं.”

“रस्त्यातल्या हाका ऐकू यायच्या मला. थोड्या.” ते थांबले. “राग होता. अजून आहे. एकदम जायचा नाही.”

काकांनी मान खाली घातली.

“ती पोरगी बुटकी आहे,” मास्तर म्हणाले. “फोम घालू नको, फोम बसतो. काथ्याच घाल, घट्ट. उंच कर. रविवारी मी येईन. पाळकाला सांग, तिला बाकड्यावर मी बसवणार आहे. सगळ्यांसमोर. मी उठलो आणि तिला बसवली, असं झालं पाहिजे.”

“होईल,” काका म्हणाले. मग त्यांचा आवाज सवयीनं खाली आला आणि डोळे मिटू लागले. “मास्तर, आपण जरा प्रार्थना...”

“थांब. खिळे आहेत का खिशात?”

काकांनी खिशात हात घातला. होते.

“घाल तोंडात.”

काकांनी खिळे तोंडात घातले. मास्तर खुर्ची ओढून त्यांच्या उजवीकडं बसले, डावा कान त्यांच्याकडं करून, जणू काही ऐकायला येणारच होतं. दोघांनी डोळे मिटले. खाली रस्त्यावर कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरत होती. काकांच्या जिभेवर लोखंडाची चव होती. जीव अजून पुरता थाऱ्यावर आला नव्हता, रविवारचा विचार होता, पाळकाला काय सांगायचं याचा विचार होता. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, बोलावंसं वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, “आमेन.”

काकांना म्हणता येईना. त्यांनी मान हलवली.